प्रयोगवही व तिचें अस्सलपण

प्रस्तुत लेखाचा विषय या त्रैमासिकाच्या वाचकांस किंचित् परका वाटेल. जुने कागद, शिक्के, ताम्रपट व शकावल्या यांची चर्चा ज्या पानांत व्हावयाची, तेथें प्रयोगशाळेंतील वह्यांचें काय काम, असा प्रश्न कोणीं केल्यास तो अयोग्य म्हणतां येणार नाहीं. परंतु विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१९ सालच्या अखेरीस आचार्यपदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्यास संशोधन व प्रकाशन यांच्या नीतीचा एक अभ्यासक्रम लावून दिला, तेव्हांपासून शास्त्रशाखेंतील तरुण मंडळींशीं या विषयावर बोलण्याचे प्रसंग आम्हांस वारंवार येऊं लागले आहेत. आणि त्या बोलण्यांत असें दिसून आलें कीं, जी गोष्ट इतिहाससंशोधकास पहिल्याच दिवशीं शिकावी लागते, ती या मंडळींस बहुधा कोणी सांगतच नाहीं. ती गोष्ट म्हणजे अस्सल व नक्कल यांतील भेद. लबाडी करूं नये, दुसऱ्याचें लेखन चोरूं नये, हें त्यांस ठाऊक असतें. आपण लबाडी केली नाहीं हें दहा वर्षांनीं कोणत्या कागदावरून दाखवितां येईल, याचा विचार मात्र त्यांनीं केलेला नसतो. त्या विचारापुरतेंच येथें लिहावयाचें आहे.

जमाखर्चाची जुनी पद्धति वाचकांच्या परिचयाची आहे. जो व्यवहार ज्या दिवशीं घडला तो त्याच दिवशीं रोजकीर्दींत लिहावयाचा, रोजकीर्दीवरून खातेवार खतावणी करावयाची, आणि शेवटीं ताळेबंद बांधावयाचा. ताळेबंद वाचावयास सोपा व दिसावयास नेटका असतो. पण तंटा पडला म्हणजे ताळेबंदाच्या नेटकेपणाचा कांहीं उपयोग होत नाहीं, रोजकीर्दच उघडावी लागते. पेशवाईचा कारभार पाहावयाचा तर रोजकीर्दींकडेच जावें लागतें. गणेश चिमणाजी वाड यांनीं त्यांतून उतारे निवडले आणि न्यायमूर्ति रानडे यांस त्यांवर प्रस्तावनारूप निबंध लिहावासा वाटला, तो याच कारणानें. प्रयोगशाळेंतही हीच तिहेरी मांडणी असते. प्रयोग चालू असतां भरलेली वही ही रोजकीर्द, तीवरून तयार केलेलीं कोष्टकें व आलेख ही खतावणी, आणि मासिकांत छापलेला निबंध हा ताळेबंद. जगाच्या हातीं पडतो तो केवळ ताळेबंद.

कांहीं अंशीं त्यास बखरीचीही उपमा शोभेल. कृष्णाजी अनंत सभासदानें जिंजीस बखर लिहिली ती थोरल्या महाराजांच्या पश्चात् दीड तपानें. मल्हार रामराव चिटणिसाची बखर त्यानंतर शंभरांहून अधिक वर्षांनीं झाली. बखरकार खोटें बोलतो असें नव्हे. शेवट ठाऊक झाल्यावर तो प्रारंभ लिहावयास बसतो, आणि त्यामुळें मधल्या अडचणी, फसलेले बेत व सोडून दिलेल्या वाटा आपोआप गळून पडतात. राजवाड्यांनीं १८९८ सालीं आपला पहिला खंड छापला तेव्हांपासून महाराष्ट्रांतील संशोधक बखरीच्या आधीं समकालीन पत्र मागूं लागला. शास्त्रीय निबंधाबद्दल असाच संशय एका थोर शास्त्रज्ञानेंच बोलून दाखविला आहे. इंग्लंडांतील जीवशास्त्रज्ञ पीटर मेडावार यांनीं १९६३ सालच्या आपल्या नभोवाणीवरील भाषणांत, शास्त्रीय निबंध हा एक प्रकारची फसवणूकच नव्हे काय, असा प्रश्न उपस्थित केला होता. त्यांतील आंकडे खोटे असतात असें त्यांचें म्हणणें नव्हतें. विचार ज्या क्रमानें झाला तो क्रम निबंधांत राहत नाहीं, असें त्यांचें म्हणणें होतें. मग तो क्रम राहतो कोठें? वहींत, आणि वहींतही तेव्हांच, जेव्हां ती त्या त्या दिवशीं लिहिलेली असेल.

हें तत्त्व नुसतें सांगितल्यानें पटत नाहीं. म्हणून तीन प्रकरणें सांगतों. पहिल्यांत वही होती, दुसऱ्यांत वही होती परंतु विस्कळित होती, तिसऱ्यांत वहीच नव्हती.

शिकागो विद्यापीठांतील रॉबर्ट मिलिकन यांचा तैलबिंदूंचा प्रयोग शाळेंतील मुलांसही माहीत असतो. फवाऱ्यांतून उडालेला तेलाचा अतिसूक्ष्म थेंब धातूच्या दोन सपाट तबकड्यांमध्यें येऊं द्यावयाचा. लहान दुर्बिणींतून त्याकडे पाहत राहावयाचें. विजेचा दाब नसतां तो किती वेळांत खालीं उतरतो व दाब दिला असतां किती वेळांत वर चढतो, हें मोजावयाचें. आणि त्या काळांवरून थेंबावरील विद्युद्भार काढावयाचा. हा भार नेहमीं एकाच मूळ भाराच्या पूर्ण पटींत येतो, असें मिलिकन यांचें प्रतिपादन होतें. व्हिएन्ना येथील फेलिक्स एरेनहाफ्ट यांचें म्हणणें कीं, त्याहून लहान भारही आढळतात. १९१० च्या निबंधांत मिलिकन यांनीं आपल्या निरीक्षणांस त्यांच्या विश्वसनीयतेप्रमाणें तारका लावल्या होत्या. एका थेंबाचा भार इतरांहून सुमारें तीस टक्के कमी भरला म्हणून तो सोडून दिला, हेंही त्यांनीं उघड लिहिलें होतें. एरेनहाफ्ट यांनीं त्याच आंकड्यांची फेरमांडणी करून ते त्यांच्याविरुद्ध योजले. या अनुभवाचा परिणाम म्हणा किंवा दुसरें कांहीं म्हणा, १९१३ च्या मोठ्या निबंधांत तारकाही नाहींत व कबुलीही नाहीं. तेथें ५८ थेंबांचे आंकडे आहेत, आणि हे निवडक नसून लागोपाठ साठ दिवसांत ज्यांवर प्रयोग केला ते सर्वच थेंब आहेत, असें जोर देऊन सांगितलें आहे. मिलिकन यांस १९२३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें त्यांत या कामाचा मोठा वाटा होता.

पुढें १९७८ सालीं विज्ञानेतिहासाचे अभ्यासक जेराल्ड होल्टन यांनीं मिलिकन यांच्या मूळ वह्या वाचून पाहिल्या. या दोन वह्या १९११ च्या ऑक्टोबरपासून १९१२ च्या एप्रिलपर्यंतच्या असून कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेच्या दप्तरखान्यांत आहेत. त्यांत ५८ हून पुष्कळ अधिक थेंब निघाले. पानोपानीं शेरे मारलेले आहेत: हा थेंब सुंदर, अवश्य छापावा, येथें कांहीं तरी बिघडलें, हा जुळत नाहीं, घेऊं नये. म्हणजे निवड झाली होती, आणि निवड झाली नाहीं असें छापून आलें होतें. या विधानाचें समर्थन करतां येत नाहीं, व आम्हीही तें करीत नाहीं. परंतु गोष्ट येथें संपत नाहीं. १९८१ सालीं अॅलन फ्रँकलिन यांनीं त्याच वह्यांतील गाळलेले थेंब घेऊन सर्व गणित पुन्हां केलें, तेव्हां असें आढळलें कीं, ते धरल्यानें इलेक्ट्रॉनच्या भाराच्या किंमतींत म्हणण्यासारखा फरक पडत नाहीं. अनिश्चितता थोडी वाढते इतकेंच. कित्येक थेंब तर मापनें अपुरीं पडलीं म्हणून सोडले होते.

आरोपाचा कागद व बचावाचा कागद एकाच रुमालांत सांपडावा, हा योग इतिहाससंशोधकास नवा नाहीं. येथें तो शक्य झाला, कारण मिलिकन यांनीं न आवडलेले थेंबही लिहून ठेवले, त्यांवर काट मारली तरी पान फाडलें नाहीं, आणि शेरा मारतांना कोणी पाहील याची पर्वा केली नाहीं. थेंब गाळणें हा दोष नव्हे. उपकरण तापलें, वारा शिरला, थेंबाबरोबर धुळीचा कण आला, अशीं कारणें प्रयोग करणाऱ्यास रोज भेटतात. गाळण्याचा नियम आधीं ठरविला नाहीं, आणि गाळलें असें सांगितलें नाहीं, हा दोष.

या प्रकरणास एक पोटप्रकरण आहे; नव्या संशोधकांस तें अधिक जवळचें वाटेल. तैलबिंदूंच्या प्रयोगाच्या उभारणींत हार्वी फ्लेचर हा मिलिकन यांचा विद्यार्थी त्यांच्याबरोबर होता. फ्लेचर यांनीं स्वतः लिहून ठेवल्याप्रमाणें, एके दिवशीं मिलिकन त्यांच्या बिऱ्हाडीं आले आणि दोघांच्या कामाची वांटणी त्यांनीं सुचविली: इलेक्ट्रॉनच्या भारावरील निबंधावर एकट्या मिलिकन यांचें नांव असावें, व दुसऱ्या एका निबंधावर एकट्या फ्लेचर यांचें, म्हणजे तो पदवीच्या प्रबंधास चालेल. विद्यार्थ्यानें मान्य केलें. न करून काय करणार? फ्लेचर पुढें ध्वनिशास्त्रांत नामांकित झाले, आपल्या गुरूबद्दल त्यांनीं वाईट उद्गार काढले नाहींत, आणि ही हकीकत आपल्या मृत्यूनंतरच छापावी अशी व्यवस्था केली. ती १९८२ सालीं छापली. नांवांचा क्रम व वांटणी ही बोलणीं प्रयोगास हात घालण्यापूर्वीं व्हावीं आणि वहींत एका ओळीनें तरी नोंदलीं जावीं, असें आम्ही तरुणांस सांगतों तेव्हां ते संकोचानें हसतात. त्यांचा संकोच आम्हांस समजतो. गुरूस असें विचारणें आपल्याकडे उद्धटपणाचें दिसतें, म्हणून हा प्रश्न गुरूनेंच आधीं काढावा हें बरें.

दुसरें प्रकरण अमेरिकेंतीलच, परंतु पाऊणशें वर्षांनंतरचें आहे. १९८६ च्या एप्रिलांत ‘सेल’ या मासिकांत सहा जणांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. उंदरांत बाहेरून घातलेल्या प्रतिपिंडाच्या जनुकाचा त्यांच्या स्वतःच्या प्रतिपिंडांवर काय परिणाम होतो, असा त्याचा विषय होता. लेखकांत डेव्हिड बाल्टिमोर हे नोबेल पारितोषिक मिळालेले शास्त्रज्ञ होते, आणि ज्या भागावर पुढें वाद माजला तो भाग मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजींतील थेरेझा इमानिशी-कारी यांच्या प्रयोगशाळेंतला होता. त्याच प्रयोगशाळेंत मार्गो ओटूल या संशोधिका काम करीत होत्या. छापलेल्या निष्कर्षांवर पुढचे प्रयोग उभारतांना त्यांस मूळ निष्कर्षच मिळेनात. उंदरांच्या पैदाशीच्या नोंदी शोधतां शोधतां एका वहींतील १७ पानें त्यांच्या हातीं लागलीं, आणि त्यांवरील आंकडे व छापलेले आंकडे यांचा मेळ बसेना. त्यांनीं वरिष्ठांस कळविलें. फसवणूक झाली असें त्यांनीं प्रथम म्हटलेलेंही नव्हतें. चूक झाली असून ती दुरुस्त व्हावी, इतकाच त्यांचा आग्रह होता. वरिष्ठांनीं मतभेदाचा प्रश्न म्हणून तो मिटविला. ओटूल यांस पुढें कांहीं वर्षें शास्त्रीय काम मिळालें नाहीं.

प्रकरण अमेरिकन कायदेमंडळाच्या एका समितीपुढें गेलें, आणि तेथें जें घडलें तें कागदपत्रांच्या अभ्यासकांनीं मुद्दाम वाचण्यासारखें आहे. खोट्या नोटा व बनावट दस्तऐवज पकडणें हें ज्या सरकारी खात्याचें नित्याचें काम, त्याच्या तज्ज्ञांकडे या प्रयोगवह्या सोंपविण्यांत आल्या. त्यांनीं कागद पाहिला, शाई पाहिली, वरच्या पानावर लिहितांना खालच्या पानावर उमटलेला दाब पाहिला. वहींत किरणोत्सर्ग मोजणाऱ्या यंत्रांतून निघालेल्या कागदी पट्ट्या चिकटविलेल्या होत्या. त्यांच्या छपाईच्या शाईचा रंग व कागद हीं इतर संशोधकांच्या वह्यांतील त्याच यंत्रांच्या पट्ट्यांशीं ताडून पाहिलीं, आणि कांहीं पट्ट्या वहींत लिहिलेल्या मितीच्या नाहींत असा निर्णय दिला. सनदेवरील मिती व सनदेचा कागद यांचा मेळ पाहण्याची जी रीत आपल्याकडे आहे, तीच ही.

इमानिशी-कारी यांचा खुलासा असा होता कीं, आपण पट्ट्या व सुटे कागद जसे निघतील तसे ठेवीत असूं, वही म्हणून ते मागाहून एकत्र लावले, आणि मित्याही कांहीं वेळां मागाहून घातल्या. हा खुलासा खरा असूं शकतो, हें ज्यानें कोणतेंही खाजगी दप्तर सोडून पाहिलें आहे तो कबूल करील. पण मागाहून घातलेली मिती आणि बनावट मिती या कागदावर सारख्याच दिसतात, त्यांतच सर्व अनर्थ होता. १९९१ सालीं चौकशीचा कच्चा अहवाल फुटला, त्यांत त्यांस दोषी धरलें होतें. बाल्टिमोर यांस त्याच वर्षीं रॉकफेलर विद्यापीठाचें अध्यक्षपद सोडावें लागलें. १९९४ सालीं १९ आरोप शाबीत धरण्यांत आले. १९९६ च्या जूनमध्यें अपील मंडळानें ते सर्व फेटाळून लावले: शाईच्या व कागदाच्या पुराव्यावरून बनावट सिद्ध होत नाहीं, मात्र निबंधांत निरनिराळ्या प्रकारच्या चुका पुष्कळ आहेत. दहा वर्षें एका संशोधिकेचीं आरोपीच्या पिंजऱ्यांत गेलीं आणि दुसरीचीं कांहीं वर्षें प्रयोगशाळेच्या दाराबाहेर. पहिल्या दिवसापासून बांधलेली, पानांस अंक असलेली वही असती तर ओटूल यांची शंका एका दुपारीं निकालांत निघाली असती, या बाजूनें किंवा त्या बाजूनें.

तिसरें प्रकरण थोडक्यांत सांगतां येईल, कारण त्यांत पाहावयास कागदच नाहींत. यान हेंड्रिक शॉन हा जर्मन पदार्थवैज्ञानिक १९९७ सालीं कोन्स्टान्झ विद्यापीठाची आचार्यपदवी घेऊन, जेथें १९४७ सालीं ट्रान्झिस्टर निघाला त्या बेल प्रयोगशाळेंत दाखल झाला. सेंद्रिय स्फटिकांतून व एकेरी रेणूंतून वीज वाहवून त्यानें एकामागून एक चमत्कार प्रसिद्ध केले. २००१ सालीं तर सरासरीनें आठ दिवसांस एक निबंध निघत होता. देशोदेशींच्या प्रयोगशाळांत तरुण विद्यार्थी तेच प्रयोग करूं पाहत होते, आणि साधत नाहीं तो दोष आपल्याच हाताचा समजत होते. २००२ सालीं प्रिन्स्टनच्या लिडिया सोन व कॉर्नेलचे पॉल मॅक्यूएन यांच्या लक्षांत आलें कीं, निरनिराळ्या पदार्थांवरील निरनिराळ्या प्रयोगांच्या आलेखांत रेषेची बारीक थरथर तंतोतंत एक आहे. ही थरथर यदृच्छेची असते. ती दोनदां सारखी येऊं शकत नाहीं. दोन निराळ्या सालच्या पत्रांवर शाईचा ओघळ केसाचाही फरक न पडतां एकाच आकाराचा निघावा, तसा हा प्रकार होता.

स्टॅनफर्डचे माल्कम बीझ्ले यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशीसमिति बसली. तिनें प्रथम अस्सल मागितलें. प्रयोगवह्या व्यवस्थित ठेवलेल्या नव्हत्या; यंत्रांतून निघालेले मूळ आंकडे संगणकांत जागा पुरेना म्हणून पुसून टाकले होते; ज्यांवर प्रयोग केले ते नमुने बिघडले किंवा टाकून दिले होते. महत्त्वाचे परिणाम प्रत्यक्ष निघतांना कोणाही सहलेखकानें पाहिले नव्हते. २००२ च्या सप्टेंबरमध्यें समितीनें २४ पैकीं १६ आरोप शाबीत धरले आणि सहलेखकांस लबाडींतून मुक्त केलें. पण ज्या निबंधावर आपलें नांव, त्याच्या खरेपणाची सहलेखकानें किती जबाबदारी घ्यावी, हा प्रश्न तिनें उघडा ठेवला. ‘सायन्स’नें आठ व ‘नेचर’नें सात निबंध मागें घेतले. कोन्स्टान्झ विद्यापीठानें २००४ सालीं शॉनची पदवीही काढून घेतली, ती प्रबंधांतील दोषाबद्दल नव्हे तर पुढील वर्तनाबद्दल. त्यावरील वाद न्यायालयांत अनेक वर्षें चालून अखेर विद्यापीठाचा निर्णय कायम राहिला. आपण चुका केल्या, पण परिणाम आपणांस खरोखर दिसले होते, असें शॉनचें शेवटपर्यंत म्हणणें होतें. तें क्षणभर खरें मानलें तरी त्यास आधार म्हणून दाखवावयास एक चिटोरेंही त्यानें स्वतःजवळ ठेवलें नव्हतें.

आतां आपल्याकडील नियमांकडे वळूं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ सालच्या नियमांत वाङ्मयचौर्याच्या पायऱ्या टक्केवारीनें बांधून दिल्या आहेत. दुसऱ्याच्या लेखनाशीं साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाहीं. दहा ते चाळीस, चाळीस ते साठ, व साठांच्या वर, अशा चढत्या शिक्षा असून शेवटच्या पायरीस विद्यार्थ्याची नोंदणीच रद्द होते. हा नियम अनाठायीं आहे असें आम्ही म्हणत नाहीं. उचलेगिरीस त्यानें कांहीं आळा बसला असावा. परंतु त्याचा एक विचित्र परिणाम आमच्या पाहण्यांत येतो. साम्याचा आंकडा खालीं आला म्हणजे आपला प्रबंध शुद्ध झाला, असें विद्यार्थी समजूं लागतात, आणि शब्द फिरवून फिरवून तो आंकडा उतरविण्यांतच त्यांचे आठवडे जातात. शॉनचे निबंध या कसोटीस लावले असते तर त्यांतील शब्द बहुधा सुखरूप पार पडले असते. साम्य मोजणारें यंत्र नकलेशीं नक्कल ताडून पाहतें, अस्सलाबद्दल तें मुकें असतें. अमेरिकन सरकारनें २००० सालीं संशोधनांतील गैरवर्तनाची जी व्याख्या ठरविली तींत आंकडे रचणें, आंकडे फिरविणें व दुसऱ्याचें उचलणें असे तीन भाग आहेत. त्यांपैकीं पहिल्या दोहोंचा शोध वहीवांचून लागत नाहीं.

वही कशी ठेवावी, हें सांगण्यास मोठें शास्त्र लागत नाहीं. बांधलेली असावी, पानांस आधींच अंक घातलेले असावे, लेखन पुसलें न जाणाऱ्या शाईनें व्हावें. चुकलेल्या मजकुरावर एकच रेघ ओढावी, म्हणजे खालचें वाचतां येईल. खरडून काढणें किंवा वर पांढरा रंग फासणें हें अस्सलाचा घात करणें होय. रिकामी राहिलेली जागा तिरप्या रेघेनें बंद करावी. जुने लेखक ओळीच्या शेवटीं जागा उरली तर रेघ ओढून ती भरून टाकीत, कां, तर मागाहून कोणी शब्द घुसडूं नये. यंत्रांतून निघालेली पट्टी त्याच दिवशीं चिकटवावी व अर्धी सही पट्टीवर, अर्धी पानावर पडेल अशी करावी. एखादी नोंद मागाहून करणें भाग पडलें तर ती मागाहून केली असें लिहून त्या दिवसाची मिती घालावी. त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. आठवड्यास एकदां शेजारच्या सहकाऱ्याची साक्ष घ्यावी. अमेरिकेंत ही साक्षीची चाल रूढ झाली ती नीतीसाठीं नव्हे, पेटंटासाठीं. शोध प्रथम कोणीं लावला यावर तेथें २०१३ पर्यंत हक्क ठरत असे, म्हणून साक्षीदाराच्या सहीस मोल होतें. कायदा बदलला, पण चाल चांगली आहे.

संगणकाच्या बाबतींत अधिक सावध राहावें लागतें. संचिका एकीकडून दुसरीकडे उतरवितांच तिची तारीख पुष्कळदां बदलते, आणि तींत फिरवाफिरव केली तर खरडल्याची खूणही राहत नाहीं. म्हणून यंत्रानें दिलेली मूळ संचिका जशीच्या तशी बाजूस ठेवून सर्व काम तिच्या नकलेवर करावें, आणि केलेला प्रत्येक फेरफार लिहून ठेवावा. छायाचित्रांचेंही तसेंच. ‘जर्नल ऑफ सेल बायॉलॉजी’नें २००२ सालापासून स्वीकारलेल्या निबंधांतील चित्रें छापण्यापूर्वीं तपासण्यास आरंभ केला, सर्व चित्राचा उजेड सारखा वाढविणें व चित्रांतील एक डाग तेवढा पुसणें, या दोन कृत्यांतील भेद कित्येक लेखकांस ठाऊकच नव्हता, असें त्या तपासणींत आढळून आलें. पोथीवर भिंग धरणें व पोथींतील अक्षर गिरवणें, एवढा तो भेद आहे.

मार्गदर्शकांविषयीं एक शब्द. विद्यार्थ्याची वही महिन्यांतून एकदां तरी उघडून पाहणारे मार्गदर्शक आम्हांस फार थोडे भेटले. निबंधाचा मसुदा मात्र सर्व जण तपासतात, व त्यावरील नांवांच्या क्रमाबद्दल दक्ष असतात. वही उघडण्यांत विद्यार्थ्यावर अविश्वास दाखविला जातो, अशी एक समजूत आहे. आमच्या मतें ती उलटी आहे. मामलेदारानें कुलकर्ण्याचें दप्तर पाहिलें म्हणजे कुलकर्णी चोर ठरत नसे. उलट, ज्याची वही वेळोवेळीं पाहिली गेली त्याच्यावर पुढें कोणीं आळ घेतला तर पाहणाराही साक्षीस उभा राहतो. तसेंच, एखाद्या नवख्यास दुसऱ्याच्या आंकड्यांबद्दल शंका आली तर त्यानें काय करावें, याचा रस्ता संस्थेंत आधींच आंखलेला असावा. ओटूल यांनीं विचारलें तें योग्यच होतें. ज्यांस विचारलें ते लेखकांचे सहकारीच होते, ही अडचण होती.

राहिला वहीच्या मालकीचा व जपणुकीचा प्रश्न. वही विद्यार्थ्याची नव्हे, संस्थेची, हा सर्वसाधारण शिरस्ता आहे, आणि तो योग्य आहे. विद्यार्थ्यानें जातांना नक्कल न्यावी व अस्सल ठेवून जावें. परंतु संस्थेनें तें अस्सल ठेवावयाचें कोठें? कांहीं वर्षांपूर्वीं एका दिवंगत प्राध्यापकांच्या कामाची हकीकत जुळवीत असतां त्यांच्या प्रयोगवह्या पाहण्याच्या आशेनें आम्ही एका शास्त्रसंस्थेंत गेलों होतों. त्यांच्या एका निबंधांतील मापनें त्यांचीं स्वतःचीं कीं त्यांच्या विद्यार्थ्याचीं, असा वाद होता, आणि दोघेही हयात नव्हते. ग्रंथालयांत छापील निबंधांचे गठ्ठे सुरेख बांधून ठेवलेले मिळाले. वह्यांची चौकशी करतां, खोली रंगवितांना जुनें सामान काढलें त्यांत त्या गेल्या, असें कळलें. भांडारपालानें मोठ्या सौजन्यानें आपली नोंदवही उघडून दाखविली. रद्दीची विक्री तींत तारखेनिशीं, दरानिशीं व वजनानिशीं व्यवस्थित लिहिलेली होती.